बदली चिप आणि थोरल्या सुनेचा ब्रश

सासऱ्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल थोरल्या सुनेचं आहे. सव्वीस वर्षं ती तिथे बसून पाण्याची आम्लता मोजणारी यंत्रं दुरुस्त करते. डाग द्यायला, म्हणजे वितळत्या कथलाने सुटे भाग जोडायला, तिला त्यांनीच शिकवलं.

चार वर्षांपूर्वी धाकटी जाऊ आली, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातली नोकरी सोडून. तिचा स्वभाव चांगला आहे, हीच थोरलीची मुख्य तक्रार. हल्ली गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "धाकट्या बाई आहेत का?"

थोरली मान वर न करता सांगते, "आहेत. आम्हीही आहोत."

एका सोमवारी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची दोन सारखी यंत्रं आली. दोन्हींतला ऑप-अँप, म्हणजे क्षीण विद्युत संदेश मोठा करणारी आठ पायांची चिप, निकामी झाला होता. तसली चिप आता कुणी बनवत नाही. बदली शोधायची होती.

सासरे म्हणाले, "एकेक घ्या. जिची चिप चालेल, तपासणीपत्रावर यापुढे तिची सही. माझी आता वाकडी येते."

ती सही आपलीच, असं थोरली गेली दहा वर्षं धरून चालली होती.

संदेश नसताना नेमकं शून्य दाखवण्यात सगळ्यांत कमी चुकणारी चिप तिने निवडली. धाकटीची चिप पाहून तिला हसू आलं. "अगं, ही तर शून्याला जुनीपेक्षाही ढिली."

"असू दे ताई. ही प्रवाह खात नाही."

थोरलीने यंत्राच्या तोंडाची दोन्ही टोकं तारेने एकमेकांना जोडून तपासलं. आकडा ढिम्म हलेना. मग तिने आम्लता टिपणारी काचेची नळी लावून, आकडा बरोबर सात यायला हवा अशा द्रावणात बुडवली, तर आकडा साडेआठच्या पुढे. नळीतून येणारा प्रवाह इतका बारीक असतो, की चिपने स्वतःसाठी जरासा ओढला तरी हिशेब बिघडतो. तार लावली की हे दिसतच नाही. नवखा माणूस थेट नळीच लावतो. तारेवर भिस्त ठेवायची सवय जुन्या हातांना.

कुणी पाहायच्या आत तिने यंत्र बंद केलं. मग पलीकडे नजर टाकली. धाकटीचा आकडा सातवरून हळूहळू वर चढत होता. थोरलीच्या जिवात जीव आला.

कारण तिला लगेच कळलं. डाग नीट धरावा म्हणून लावलेली राळ चिपच्या तिसऱ्या पायाशी तशीच राहिली होती आणि दमट हवेत तिच्यातून प्रवाह गळत होता. कारखान्यात धुतलेलेच बोर्ड हातात येतात, धाकटीला हे कुठून ठाऊक असणार.

"चिपच चुकली वाटतं," सासरे म्हणाले. थोरली आपल्या यंत्राचं झाकण पुसत बसली.

दुपारपर्यंत धाकटीने दोनदा चिप बदलली. "ताई, तुम्हाला काही सुचतंय?"

"मला काय कळतंय बाई. मी कुठे कारखान्यात होते?"

पाच वाजता प्रयोगशाळेचा माणूस येणार होता. दोन्ही यंत्रं तशीच राहिली, तर तो ती मागच्या गल्लीतल्या दुकानात नेणार. चार वाजता थोरली उठली. स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून तिने धाकटीच्या चिपचे पाय घासले, गरम हवेने वाळवले. आकडा सातवर बसला तो हलला नाही. मग धाकटीकडून तसलीच एक चिप मागून घेऊन तिने आपल्या यंत्रात बसवली.

"चिप कुणाची?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिची," थोरली म्हणाली.

"आणि आकडा कुणी बसवला?"

"ताईंनी," धाकटीने लगेच सांगून टाकलं.

सासऱ्यांनी तपासणीपत्र दोघींच्या मध्ये ठेवलं. थोरलीने ते ओढून घेतलं आणि सही केली.

"ताई, ते घासायचं मलाही दाखवा ना."

"बघू."

याला आठ महिने झाले. चिप धाकटी निवडते, सही थोरली करते. ब्रश थोरलीच्या खणात असतो आणि खणाला कुलूप असतं. आकडा चढू लागला की धाकटी खिडकीजवळ येऊन उभी राहते. थोरली हातातलं काम पूर्ण करते, मग किल्ली शोधते.