परागाची वेळ

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. आणि जिला आधीपासून माहीत आहे, त्या माझ्या बहिणीशीही यावर एक शब्द बोललेले नाही. तुम्हाला सांगते — पण माझी कीव करू नका. मला ती चालत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी ताठ मानेनं सांगते. शहरातलं कुणी 'शेतातली बिचारी लेकरं' म्हणालं की माझं डोकं अजूनही सणकतं. आमचं गाव डोणगावजवळ. वडील कंपनीसाठी मिरचीचं बियाणं पिकवायचे, हिरव्या जाळीच्या शेडमध्ये. मीही लहानपणी तिथं राबले. मेले का?

पण बघा, मी पुन्हा माझंच सांगायला लागले. सांगायचंय ते पूजाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं.

शेडमधलं काम म्हणजे क्रॉसिंग. संध्याकाळी मादी झाडाची कळी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नर झाडाचा पराग लावायचा. सकाळीच. ऊन तापलं की पराग वाया. लहान बोटांनी कळी मोडत नाही, म्हणून या कामाला घरोघरची पोरं. आणि शाळा भरायची वेळही नेमकी तीच.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पूजा सातवीत. हंगाम लागला तेव्हा वडील म्हणाले, "दोघीतली एक शेडात पाह्यजे. कोन, ते तुमी ठरवा." पूजानं शाळा सोडली. सोडली? — मी गप्प बसले आणि तिची सुटली.

मग एकदा माझ्या मोबाईलवर दिसलं, मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरला फोन गेलेला. मी पूजाकडे नुसतं पाहिलं.

"ताई, बाबाले सांगू नको. सायेब येतीन, मंग मले शाळेत पाठोतीन."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नाही सांगत, म्हणाले. आणि त्या दिवसापासून तयारीला लागले.

साहेब आले ते भर सकाळी. पूजा ओळीत उभी, बोटाला पराग लागलेला. वडिलांची बोबडी वळलेली. मी पुढे झाले. कायदा मी वाचून ठेवला होता — घरच्या पोरानं शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावला तर चालतं. शिक्षणाचा हा उपयोग! अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले, "सर, ती रोज शाळेत जाते. आज ताप होता म्हणून घरी आहे. हे काम ती शाळा सुटल्यावर, संध्याकाळी करते."

पूजा मधेच बोलली, "सायेब, पराग सकाळीच लावा लागते —"

"तिला काय कळतं, सर," मी हसले. साहेबही हसले. चहा प्याले, घरी न्यायला मिरच्या मिळतील का विचारलं आणि गेले. शाळा रस्त्यातच होती. तिथं डोकावावं असं वाटलं नाही त्यांना. जे काम कुठल्या वेळेला चालतं हेही ठाऊक नाही, त्याच्यावर लक्ष ठेवायला निघता? राग येतो मला या लोकांचा. पण वेळ मला ठाऊक होती ना! त्यांच्या त्या अडाणीपणावरच तर माझी डिग्री उभी आहे.

वडिलांना वाचवलं, असं वाटतंय तुम्हाला? गावातही तसंच सांगतात, "पोरीनं सायेबाले कसं गप केलं!" — खोटं आहे. पूजा शाळेत गेली असती तर शेडमध्ये मी आले असते. एवढंच होतं. दुसरं काही नाही.

पूजा पुन्हा शाळेत गेली नाही. लग्न झालं, सासरही बियाण्याचंच. यंदा हंगामात मी तिच्याकडे गेले. ती एकटीच रोपांवर वाकलेली. तिच्या जावेची पोरगी सातवीत आहे. मी आपली सहज बोलून गेले, "पोरगी येत नाही का गं हाताखाली?"

पूजानं मान वर केली नाही.

"शाळेत गेली हाय. सकाळ हाय ना, ताई."

आणि ती पुढच्या झाडाकडे सरकली.