पुनवेचे खेकडे

मी मालवणची, आणि मला दिलं कुठं, तर तेरणाकाठी, निजामाच्या राज्यात! नवरा तेव्हा मुंबईच्या गिरणीत होता, माझ्या मामाच्या शेजारच्या खोलीत. तिथंच सोयरीक जमली. पुढं तो गिरणी सोडून गावी आला, कारण घरी विधवा आई एकटी. मला काय, जिथं तो तिथं मी. सासू फटकळ होती, पण मला आवडायची. अगदी शपथेवर सांगते.

माहेरी मात्र कुणीतरी चुगली केली की पोरगी मासळीवाचून वाळली. झालं! बाबांचा निरोप आला, "येतोय. पोरीला नि जावयाला घेऊन जातो. जावई आमच्या होडीवर येईल." सासू एवढंच म्हणाली, "येऊ द्या इवायाला. जेवू घालू." पण त्या दिवशी तिच्या सगळ्या भाकरी करपल्या. एकुलता लेक गेला तर तिला कोण होतं? आणि मलाही जायचं नव्हतं. पण बाबांपुढं बोलायची छाती कुणाची!

बाबा बारक्या रेल्वेनं ढोकीला उतरले. जकातीच्या नाक्यावर निजामाच्या माणसानं त्यांचं सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, गाठोडं उघडलं आणि नाक दाबून "जाव, जाव!" म्हणाला. ते सांगताना बाबांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सासू नदीवरून टोपलंभर खेकडे घेऊन आली. मी ओरडलेच, "अहो आत्याबाई, काल पुनव झाली! पुनवेची कुर्ली पोकळ असते!"

"खरां आसा," बाबांनी मान डोलावली आणि मग त्यांची गाडी सुटली. मुंबईकडं वर गेलं की जाळ्यात बारीक जवळा, खाली कारवारकडं सुंगटं जाडजूड, खाडीच्या चिखलात चिंबोरी, तर उघड्या समुद्रात ठिपक्यांची कुर्ली. जसं पाणी तसं बिऱ्हाड. पण पुनवेला सगळ्या कुर्ल्या पोकळ!

सासू कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "आमच्या तेरणेला कसली आलीया भरती? हितला खेकडा काय चंद्राला इचारून जेवतो व्हय?"

बाबांनी एक मोठ्या नांगीचा काळा खेकडा उलटा करून पाहिला. मागचे पाय टोकदार, समुद्रातल्या कुर्लीसारखे चपटे नाहीत. "ह्येका वल्हीच नाय!" ते लहान पोरासारखे खूश झाले.

सासूनं येसराचा मसाला घालून काळाभोर रस्सा केला. बाबांनी कवच फोडलं, तर आत गच्च भरलेलं! घामाघूम होऊन ते जेवले. मधेच म्हणाले, "ती मोठी नांगी खंय गेली, विहीणबाई?"

"तुटली आसंल दगडात," सासू रस्सा वाढत म्हणाली.

पुरुषांची पानं उठल्यावर आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. सासूनं भांड्याच्या तळातून नांगी काढली, वरवंट्यानं फोडली आणि माझ्या ताटात टाकली. तिचं नेहमीचंच होतं ते. मी निवांत चोखत बसले. दारात बाबा पाणी मागायला उभे होते, ते मला दिसलेच नाहीत.

परत निघताना त्यांनी ना माझं बोचकं बांधायला सांगितलं, ना जावयाचं. ढोकीच्या टेशनावर मी भीत भीत विचारलं, "बाबा, आम्ही?"

"नांगी खंय गेली ता बघलंय मी," बाबा म्हणाले. "तुझ्या आयशीन ती माका वाढली असती."

आणि ते एकटेच गाडीत चढले.