डब्यातल्या पाण्याचा आवाज

कसालला उतरले आणि मालवणकडची एसटी डोळ्यांदेखत सुटली. कंडक्टरने मला हात करताना बघितलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याला नमुन्यांची पेटी, पळणार कशी? पुढची गाडी दीड तासाने. स्टँडसमोर चहा घेतला, तर चहावाल्याने विचारलं, "खंयच्या तुमी?" (कुठल्या तुम्ही?)

"जालन्याची."

"अरे बापरे! मगे हय कित्याक?" (मग इथे कशाला?)

खरं सांगितलं असतं तर त्याने चहा ओतता ओतता सगळ्या कसालला सांगितलं असतं. मी म्हटलं, समुद्र बघायला.

समुद्र बघायला मी आले नव्हते. लस दिल्यावर कुणाला त्रास झाला तर तो लसीचा, देणाऱ्या हाताचा की आणखी कशाचा, हे जागेवर जाऊन तपासायचं, ही माझी नोकरी. माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

या खेपेचं काम असं होतं. मालवण तालुक्यात खाडीपलीकडे मासेमारी करणाऱ्यांची एक वाडी आहे; नाव लिहीत नाही. तिथे एकाच दिवशी पाच रोगांवरची एकत्र लस दिलेल्या तीन तान्ह्या मुलांच्या डाव्या मांडीला गाठी आल्या. दोघांच्या गाठी नुसत्याच कडक होत्या. तिसरीच्या गाठीत पू झाला आणि तिला ओरोसला दवाखान्यात ठेवावं लागलं. वाडीने ठरवून टाकलं, आता सुई नको. पुढचं लसीकरण शुक्रवारी होतं आणि मी पोचले मंगळवारी. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर वाडीतली बाकीची बाळं डांग्या खोकला आणि घटसर्पापुढे उघडीच राहणार होती.

आरोग्य केंद्र खाडीच्या अलीकडे. तिथल्या परब सिस्टर मला पाटावर जेवायला बसवूनच बोलायला लागल्या. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं (दाट, झणझणीत कालवण), सोलकढी. मी मटण खाणारी. माशाचा काटा असतो एवढंच ऐकून होते. दुसऱ्याच घासाला तो घशात अडकला. सिस्टरांनी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही आमच्यातल्या झालात." हसल्या, पण डोळे सुजलेले होते. त्यांना खुलासा मागणारी नोटीस आली होती.

"अठरा वर्षं सुया देतेय मॅडम. माझ्याकडून घाण झाली म्हणतात सगळे."

"पुवाचा अहवाल आलाय. त्यात जंतू वाढलेले नाहीत. सुई घाण नव्हती."

"मग कशाने?"

मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फ्रीजची वही बघितली. तापमानाच्या नोंदी चोख होत्या. त्या दिवशी वाडीत नेलेल्या लसीच्या डब्यातली एक न उघडलेली कुपी सिस्टरांनी शिक्का मारून बाजूला ठेवली होती, हे त्यांचं शहाणपण. मी सहज विचारलं, त्या दिवशी काही वेगळं झालं का. त्या आठवत राहिल्या, मग म्हणाल्या, "बर्फाचे पॅक फार थंड होते. वाडीत डब्यातून काढताना बोटाला चिकटले."

मी वही मिटली. डब्यात भरायच्या आधी ते पॅक बाहेर ठेवून अर्धवट वितळू द्यायचे असतात. हलवले की आतून पाण्याचा आवाज आला पाहिजे. कारण ही लस गरमीने बिघडते तशी गोठल्यानेही बिघडते, आणि गोठलेली लस टोचली तर गाठ धरू शकते.

"तुम्ही पॅक घामाळू दिले नव्हते?"

"दिले होते! आवाज ऐकून भरले, देवाशप्पथ!"

केंद्राच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्याच खेपेतली एक कुपी फ्रीजरमध्ये मुद्दाम गोठवली. बुधवारी सकाळी ती वितळवली आणि तीन कुप्या टेबलावर ओळीने मांडल्या: मुद्दाम गोठवलेली, फ्रीजमधून कधीच न हललेली आणि वाडीत जाऊन आलेली. तिन्ही सारख्या हलवल्या. मग बघत बसलो, मी, सिस्टर आणि डॉक्टर. फ्रीजमधली कुपी ताकासारखी पांढरी राहिली. गोठवलेलीत गाळ भराभर तळाशी बसला, वर स्वच्छ पाणी. आणि वाडीची? तिच्यातही गाळ तसाच खाली बसत गेला.

म्हणजे केंद्राचा फ्रीज सुटला. लस गोठली होती ती वाटेत. वाट म्हणजे खाडी.

सिस्टरांनी तोंडाला पदर लावला. वाटेतला डबाही त्यांच्याच जबाबदारीचा. "त्या दिवशी मी पहिल्या खेपेला पुढे गेले, बाळांची वजनं घ्यायला," त्या म्हणाल्या. "डबा मागून आला. बाबल तांडेलांच्या होडीतून."

बाबल तांडेल (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) हे नाव मी आधीच ऐकलं होतं. ओरोसला असलेली ती बाळी त्यांचीच नात. आणि सिस्टरला वाडीत पाय ठेवू देणार नाही असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारेही तेच. देवळात वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा (देवाला विनवणी करायचा) मान त्यांचा, त्यामुळे त्यांचा शब्द मोडायला कुणी धजत नव्हतं.

पलीकडे जायला होडी त्यांचीच. मला पोहता येत नाही. चढतानाच एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. बाबल साठीचे, काटक, तोंडात पान. माझ्या अनवाणी पायाकडे बघून म्हणाले, "सरकारान येक चप्पल घातल्यान आणि धाडल्यान काय गो?"

मी हसले नाही. होडीत माशांची पेटी होती. वल्हं उचलण्याआधी त्यांनी पेटीतल्या बर्फावर जाड्या मिठाच्या दोन मुठी फेकल्या.

"मीठ कशाला?"

"मिठान बर्फ जास्ती थंड जाता. नायतर म्हावरा (मासे) कुजता." खाडीच्या मध्यावर आल्यावर तेच पुढे बोलले, अभिमानाने. "त्या सिस्टरीक तेवढापण कळणा नाय. त्या दिवशी सुकतीक (ओहोटीला) होडी रेतीत बसली, दोन तास. डबो हलवन बघलंय तर आत पाणी डुबुक डुबुक! म्हटला, लस कुजतली. ते पॅक काडले, मिठाच्या बर्फात पुरले आणि दगडासारखे घट करून परत घातले. माज्यामुळा लस वाचली, आणि त्या बायेन सुई घाण मारल्यान!"

मी होडीच्या कडेला घट्ट धरलं. चारी बाजूंना पाणी, आणि हा माणूस माझ्यासमोर. किनाऱ्याला लागल्यावर सांगता आलं असतं. पण तिथे लोक उभे असणार, आणि हे त्यांना लोकांसमोर ऐकायला लागलं असतं.

"तांडेल काका," मी म्हटलं, "ती लस गोठून बिघडली. पाण्याचा आवाज यायलाच हवा होता."

वल्हं थांबलं. होडी आपोआप आडवी व्हायला लागली.

"मगे माज्या नातीच्या मांडयेक..."

"हो."

"माज्या हातान?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, काका."

प्रवाह आम्हाला खाडीच्या तोंडाकडे ओढत होता, मला लाटांचा आवाज येत होता, आणि ते नुसते हातांकडे बघत होते. मी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यांनी वल्हं उचललं. किनाऱ्यावर मला उतरवताना एवढंच विचारलं, "चेडू जगात मा?" (पोर जगेल ना?)

"जगेल. पू काढलाय, ताप उतरलाय. तिला परत लस मात्र द्यावी लागेल."

गुरुवारचा अख्खा दिवस मी घरोघर फिरले. दारं उघडत होती, पेज पुढे येत होती, बाळं मात्र आतल्या खोलीत. "बाबलकाका काय म्हणतत तां बघूया," एवढंच उत्तर. बाबल दिसले नाहीत. सगळं मी स्वतःच उघड सांगितलं असतं, तर सिस्टर सुटल्या असत्या आणि तो माणूस वाडीतून उठला असता. म्हणून मी मनाशी ठरवलं, शुक्रवारी सकाळपर्यंत थांबायचं. ते बोलले नाहीत तर मी बोलणार.

शुक्रवारी सकाळी देवळापुढे वाडी जमली. सिस्टर डबा घेऊन फाटकाबाहेर उभ्या होत्या; आत यायचा धीर होईना. बाबल धुवट धोतर नेसून आले, नारळ ठेवला, हात जोडले. गाऱ्हाण्यात दर वाक्याला लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या पायाकडे सगळी वाडी जमली हा."

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांक बरा ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"पोरांच्या मांडयेक गाठी इल्यो, तो दोष सिस्टरीचो नाय म्हाराजा."

जरा थबकून, विस्कळीत, "व्हय म्हाराजा."

"डब्यातलो बर्फ मी काडलो, मिठात घालून घट केलो. त्येना लस बिघडली. चूक माजी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने, एका दमात, शंभर गळ्यांतून. आणि मग लोकांना कळलं आपण कशाला होकार दिला ते. बाबल जोडलेले हात खाली घेईनात. देवासमोर दिलेला होकार आता मागे कोण घेणार?

मागून एक म्हातारी ओरडली, "व्हय म्हटलास मा सगळ्यांनी? मगे त्या सिस्टरीक उन्हात कित्याक उभी केलास? आत घेवा तिका!"

पहिलं बाळ आलं ते गाठवाल्यांपैकीच एक, बिघडलेल्या लसीच्या जागी चांगली लस घ्यायला. आईने त्याला मांडीवर घट्ट धरलं. सुई नीट गेली. संध्याकाळपर्यंत दोन घरं सोडून सगळी आली. ती दोन घरं आली नाहीत, हेही लिहायला हवं.

परतीला बाबलनीच मला सोडलं. रिकामा होत आलेला डबा त्यांनी मासळीच्या पेटीपासून लांब, सावलीत ठेवला होता. वाटेत एकदा उचलून कानाशी धरला, हलवला.

"आवाज येता हां," ते म्हणाले. "बरो आसा."

गाडीत बसून मी अहवाल लिहिला. मी कितीतरी सिस्टरांना शिकवलंय, पॅकमधून पाण्याचा आवाज यायला हवा. होडीवाल्याला कधी शिकवलं नाही, कारण तो आमच्या यादीतच नव्हता. माझ्या वडिलांनी जन्मभर पाठीवर खोकी वाहिली. त्यांवर काय छापलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायची गरज कुणाला वाटली नाही. एकदा एक खोकं उलटं ठेवलं म्हणून त्यांनी भर बाजारात शिव्या खाल्ल्या होत्या. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. मी तिथेच उभी होते.

अहवालात 'चूक कोणाची' असा रकाना असतो. मी लिहिलं: आमची. डबा ज्याच्या हाती दिला, त्याला आत काय आहे ते सांगितलं नाही.