शोधकाची मुलगी

काल गाडी घेऊन माळावरून जाताना उन्हात तापलेल्या सेजब्रशच्या झुडपांचा कडवट वास आला आणि बाबा आठवले.

निवृत्तीनंतर ते आणि आई आमच्याकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आले होते. अशाच माळावरच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी त्यांना नेलं. नकाशा नसलेला हा खंड पायी ओलांडणाऱ्या जुन्या काळातल्या एका शोधकाची गोष्ट तिथे होती. तो घरी परतला, तेव्हा त्याची लहान मुलगी घाबरून दाराआड लपली होती. मी ते वाचून दाखवलं आणि बाबा दाराकडे वळले. जंगलांची मोजणी करण्यात, तंबूंत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, "मी रजेवर आलो की तू मला काका म्हणायचीस."

"अहो, लहान होती ती," आई म्हणाली.

"चुकलंच माझं, बाळा."

मी अवघडले. "इट्स ओके, बाबा," म्हणत गाडी आणायला निघून गेले. एवढं बोलायला त्यांना किती वर्षं लागली असतील, हे तेव्हा कळलं नाही.

गाडीच्या आरशात दिसलं, आईने त्यांचा हात हातात घेतला होता. तो खरं तर मी घ्यायला हवा होता.