दहाची शिफ्ट

थोरल्या जाऊबाईंनी लावलेली कॉलर कधी उसवून परत आली नाही. कपड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर. घरात आमचं फारसं सख्य नव्हतं, पण शिवण मी त्यांच्याकडे बघूनच शिकले.

मग संधिवाताने त्यांची बोटं धरली. सकाळी मुठी उघडायच्याच नाहीत. वेणी मी घालायची, चहाचा कप मी तोंडाला लावायचा. दहा वाजले की तीच बोटं माझ्यापेक्षा भरभर चालायची. शिफ्ट मात्र आठची. त्यांनी अर्ज केला: दहाला येते, सहाला जाते, आठ तास पूर्ण भरते. कॉलर आठला लावली काय आणि दहाला लावली काय, शर्टाला त्याचं काय सोयरसुतक?

पण उत्तराची वाट बघत स्वस्थ बसतील तर त्या जाऊबाई कसल्या! कामात मागे पडायला नको म्हणून त्या सहालाच कारखान्यात जायच्या. आठपर्यंत बोटं थोडी तरी सुटावीत म्हणून कॅन्टीनवाल्याकडून गरम पाण्याचं पातेलं मागून त्यात हात बुडवून बसायच्या. कोणी आलं की हात टेबलाखाली.

"किती दुखतं ते कळलं तर काढूनच टाकतील गं," म्हणायच्या. मीही कुणाला बोलले नाही.

वर्षअखेरीला साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. "बघा, असल्या हातांनी या सहाला हजर! नाहीतर तुम्ही!" पहिली टाळी मी वाजवली. घरची बाई, ऊर भरून आला होता माझा.

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. साहेब हसून म्हणाले, "अहो बाई, सहाला येणाऱ्या माणसाला दहाची सवलत कशाला?"

जाऊबाईंनी अर्ज परत घेतला. मी शेजारीच उभी होते. पातेल्याची गोष्ट सांगायला एक मिनिट पुरलं असतं. त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी सकाळी सव्वाआठला त्यांच्या बोटातून सुई आरपार गेली. राजीनामा त्यांनी स्वतःच दिला.

परवा मला सुट्टी होती. दहा वाजता त्यांनी एकेक बोट उघडून बघितलं, भाऊजींचा जुना शर्ट घेतला, कॉलर उसवली आणि पुन्हा लावली. परत उसवली, परत लावली. दिवसभर तेच. पाच वाजता मला राहवलं नाही.

"ताई, पुरे आता. उठा."

मान वर न करता त्या म्हणाल्या, "अजून तास आहे गं शिफ्ट सुटायला."