शामलाताई बॉल देत नाहीत

आमच्या शामलाताई इकडे आखातात, जहराच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात आणि शुक्रवारी सकाळी सॉफ्टबॉलचं पिचिंग करतात, म्हणजे समोरच्या टीमला बॉल टाकतात. वय चोपन्न. मी अस्मिता, त्याच दवाखान्यातली नर्स, मूळची लातूरची, आणि त्यांची कॅचर. म्हणजे बारा वर्षं त्यांचे बॉल झेलत समोर उकिडवी बसलेली बाई! बाकीच्या टीम एका सामन्यात तीन-तीन पिचर बदलतात. ताईंनी एकदाही स्वतःला बदलू दिलं नाही. तापात नाही, हात सुजला तेव्हा नाही, चौदा रननी हरलो तेव्हासुद्धा नाही. अमरावतीच्या त्यांच्या सरांनी शाळेतच डोक्यात भरवलेलं, की जुन्या काळी बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचरच बहुतेक वेळा तो संपवायचा. जिंकला तरी त्याचा, हरला तरी त्याचा. तेव्हापासून बाई कुणाचं ऐकेल तर शपथ!

परवाचा त्यांचा शेवटचा सामना. नोकरी संपली, मंगळवारचं विमान. "अस्मिता, एवढा एक पुरा झाला की सुखानं घरी जाईन बघ," गाडीत म्हणाल्या. मला रडूच येत होतं, पण उगाच सिग्नलवर चिडले.

समोर रुमैथियाची टीम. त्यात ताईंची मुलगी शर्वरी, तिकडच्याच एका शाळेत शिकवते. बॅट धरायला ताईंनीच शिकवलेली. सातवी, शेवटची इनिंग. आम्ही एका रननं पुढे. त्यांच्या दोघी आउट, तिसरी गेली की आम्ही जिंकलो; पण दोघी बेसवर, आणि ताईंचा हात पार गळून गेलेला. बॅटिंगला कोण? शर्वरी!

आमची कॅप्टन सुरुची, पुण्याची इंजिनिअर, फोन घेऊन तरातरा मैदानात आली. "ताई, एकशे दहा बॉल झाले. आता द्या. नेहा टाकेल."

ताईंनी बॉल पाठीमागे लपवला. "काहून? मी नाही देत."

"अहो, फायनल आहे!"

सुरुचीचं काही चुकत नव्हतं, मलाही कळत होतं. नेहा आमची दुसरी पिचर, आणि ताजी होती. पण माझं डोकंच फिरलं. मास्क काढून म्हटलं, "नेहा टाकणार असेल तर कॅचरही दुसरी बघ. मी चालले." दुसरी होती कुठे! माझ्याकडे खाऊ की गिळू बघत सुरुची परत गेली.

पहिला बॉल शर्वरीनं सोडला. दुसरा हुकला. ताई म्हणाल्या, "बघतेस काय, मार की!"

"स्टॉप टॉकिंग, आई!"

तिसरा ताईंनी जीव तोडून टाकला. शर्वरीनं असा हाणला की थेट कुंपणाशी गेला. बेसवरच्या दोघीही धावत होमला पोचल्या, दोन रन झाले. हरलो आम्ही. सुरुचीनं कपाळाला हात लावला. मी मान खाली घालून बसले. हे माझ्याच हट्टापायी झालं होतं.

तेवढ्यात ताईंची आरोळी आली, "माय वं! काय मारला पोरीनं!" आणि बाई पळत सुटल्या, दुसऱ्या बेसवर जाऊन लेकीला मिठीच मारली. शर्वरी हुंदके देत होती, "सॉरी आई, आय रुइन्ड इट."

"येडी का काय! शेवटपर्यंत मीच टाकला की नाही? पुरा झाला माझा सामना." ताईंनी तिचे डोळे पुसले. "दुसरीच्या बॉलवर मारला असतास ना, तर जन्मात माफ केलं नसतं तुला."