मनगटाकडे की कोपराकडे

स्पिरिटचा वास आला की मला आजही संध्याकाळ आठवते. ड्यूटीवरून परतलेली आई भिंतीला टेकून बसलेली असे, आणि तिच्या डाव्या हातावरची पांढरी पट्टी वेढ्यावेढ्याने सुटत असे. सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यासोबत तो थंड, नाकात शिरणारा वास माझ्यापर्यंत येई. पट्टीखाली जखम नव्हती. पट्टीखाली गोंदण होते.

आई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. नोकरीच्या सुरुवातीलाच वरच्या हुद्द्यावरच्या एका बाईंनी वॉर्डात सगळ्यांदेखत तिचा हात उचलून धरला आणि "हे काय खेड्यातलं सोंग?" असे विचारले. दुसऱ्या दिवसापासून आई घरूनच हाताला पट्टी गुंडाळून निघू लागली, आणि निवृत्त होईपर्यंत गुंडाळत राहिली. रुग्ण काळजीने विचारत, "सिस्टर, लागलं काय?" आई म्हणे, "जुनं आहे."

संध्याकाळी पट्टी सुटली की तो हात माझा होई. जांभळाच्या सालीवर धूळ बसावी तसा त्या गोंदणाचा रंग होता. ठिपक्यांचा एक चौकोन, आत काहीच नाही. चौकोनातून निघालेली धानाची लोंबी, दोन्ही अंगांना दाणे, शेंडा किंचित वाकलेला. मी ती लोंबी बोटाने गिरवत असे. ठिपके कातडीच्या जरासे वर आलेले होते. डोळे मिटूनही वाचता यावेत असे.

आई गेल्यावर तिच्या साड्या वाटल्या गेल्या, दोन बांगड्या बहिणीकडे गेल्या, आणि मला काहीच नको होते. मला ते गोंदण हवे होते. माझ्या डाव्या हातावर, त्याच जागी, जसेच्या तसे. ही मागणी मला इतकी साधी वाटली होती की पेन्सिल हातात घेऊन कागदासमोर बसेपर्यंत तिच्यातली अडचण माझ्या ध्यानातच आली नाही. चौकोन मनगटाकडे होता की कोपराकडे? लोंबी आईच्या तळहाताकडे झुकली होती, की तिच्या खांद्याच्या दिशेने वर चढत होती?

मला सांगता येईना. त्या हाताकडे मी मांडीत बसून पाहिले होते, मांडीवर डोके ठेवून पाहिले होते, समोर पालथे पडून पाहिले होते. माझ्या बोटाला लोंबी आठवत होती. दिशा आठवत नव्हती. मी कपाटातले सगळे फोटो काढले. गणवेशातल्या फोटोंत पट्टी. लग्नांतल्या फोटोंत हातावरून घेतलेला पदर. शेवटच्या दिवसांत माझ्या बहिणीच्या मुलीने मोबाइलवर काढलेला एक फोटो होता, त्यात हात उघडा होता. पण सलाइनसाठी बांधलेली फळी आणि तिच्यावरचा चिकटपट्टीचा पसारा नेमका तिथेच. जन्मभर झाकलेली गोष्ट शेवटीही झाकलेलीच राहावी, याचा मला संताप आला. कोणावर, ते ठरवता येत नव्हते, म्हणून तो अधिकच आला.

ते गोंदण घडताना पाहिलेले एकच माणूस आता उरले आहे: भिवापूरला राहणारी माझी मावशी, आईची धाकटी बहीण. मी तिच्याकडे गेले. मावशीला सगळे आठवत होते, आणि हीच खरी छळणूक ठरली.

"अव बाप्पा, आठवते म्हंजे!" ती म्हणाली. "कुहीकडच्या आमच्या घरच्या आंगणात बसवलं होतं तुह्या मायले. गोंदणारी बाई हिरव्या लुगड्यात होती. सुयांची जुडी दोऱ्यानं बांधेल, अन् करवंटीत काजळी, कायचा तं पाला चुरून त्याचा रस. आमची बकरी तिच्या पिशवीत तोंड घालून राहिली होती. तुही आजी म्हणे, गोंदल्याबिगर पोरगी सासरी कशी जाईन."

"आणि चौकोन रिकामा का ठेवला?"

हे मावशीने आवाज खाली आणून सांगितले. घरच्या पुरुषांनी तोवर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि देवघर उतरवले होते. बायकांनी मात्र गोंदण सोडले नव्हते. गोंदणारीने सवयीने चौकोन घातला. त्याच्यात देव बसवायचा असे. तेवढ्यात आजोबा दारातून म्हणाले, "देव नको." गोंदणारी सुई वर धरून म्हणाली, "मंग यात काय काढू, पाटील?" आजोबांना 'पाटील' म्हणणारी ती पहिलीच बाई असावी, ते मवाळ होऊन म्हणाले, "राहू दे मोकळं."

ही गोष्ट मला आईने कधी सांगितली नव्हती. मी ऐकत राहिले. मग विचारले, "मावशी, चौकोन कुठे होता? मनगटाकडे की कोपराकडे?"

"आता ते कसं सांगू वं?" मावशी म्हणाली. "माहा नंबर येते म्हणून मी धानाच्या बांधीत पळून गेली ना! संध्याकाळलोक सापडलीच नाई कोणाले. मंग पाहेल हाय लय खेपा, पण दिशा कोण ध्यानात ठेवते?" आणि हनुवटीवरचा एकुलता एक ठिपका मला दाखवून ती खळखळून हसली. तो तिने पुढे लग्नानंतर जत्रेत हौसेने काढून घेतला होता. बकरी आठवते, लुगडे आठवते, करवंटी आठवते. आणि मला हवी होती तेवढीच गोष्ट धानाच्या बांधीत हरवलेली.

मी कागदावरचे चित्र पुढे केले. तिने ते सुलटे धरले, आडवे धरले, पुन्हा सुलटे धरले. "कागदावर मले समजत नाई," म्हणून परत दिले.

माझी एक भाबडी समजूत होती की गोंदण हातसुईनेच करून घेतले तर उत्तर आपोआप मिळेल. गोंदणाऱ्या बायकांच्या हातांना दिशा ठाऊक असेल. म्हणून कुहीजवळच्या एका जत्रेत गेले. पाळणा आणि भज्यांच्या कढया ओलांडल्यावर गोंदणाऱ्या बाईचे पाल सापडले. आत पाऊल टाकण्याआधीच मधमाशी बाटलीत कोंडावी तसा आवाज ऐकू आला. बाईच्या मांडीवर बॅटरी होती आणि हातात यंत्र. मागच्या फळीवर विंचू, गुलाब, बदाम, आणि मुलींच्या नावांची आद्याक्षरे टांगलेली.

"सुईने नाही का करत?" मी विचारले.

"सुईनं आता कोण गोंदून घेते, मॅडम? पोरी बोंबलतेत. अन् दवाखानेवाले आमच्यावरच ओरडतेत. हे घ्या, बटन दाबलं का झालं."

मी चित्र दाखवले. तिने कौतुकाने पाहिले आणि विचारले, "यात देव कोणता टाकू? शंकर हाय, मारुती हाय." चौकोन मोकळाच हवा, असे मी म्हणताच तिचा माझ्यातला रस संपला. "मोकळं कायले गोंदायचं वं बाई?" ती म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीचा हात ओढला.

मग मी नागपुरात धरमपेठेतल्या टॅटूच्या स्टुडिओत गेले. काचेचे दार, एसीची गार धार, आणि तोच वास: स्पिरिटचा. मला तिथून उठून जावेसे वाटले आणि तिथेच राहावेसेही वाटले. टॅटू काढणारा तरुण अदबीने बोलणारा होता, त्यामुळे त्याच्यावर रागावणे कठीण होते. भिंतीवर 'पारंपरिक अनुभव' अशी पाटी होती: हातसुई, समई, मागे बासरीचे रेकॉर्डिंग. जत्रेतली बाई सुई टाकून यंत्राकडे गेली होती, आणि इकडे यंत्रवाले सुईला समई लावून बसले होते. दोघांच्या मधे कुठेतरी आईचा हात होता, आणि तो कोणालाच नको होता.

त्याने माझे चित्र टॅबवर घेतले. बोटाने एकदा घासले आणि वाकडी लोंबी सरळ झाली. दुसऱ्यांदा घासले, डाव्या-उजव्या बाजूचे दाणे सारखे झाले.

"पूर्वीसारखे करा," मी म्हणाले.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ, फक्त क्लीन करून राहिलो. आता हा बॉक्स रिकामा रिकामा दिसते ना? यात 'आई' लिहू. मस्त फॉन्ट आहे आपल्याकडे."

"नको."

"मग इन्फिनिटी?"

"नको. त्यात काहीच नको."

"लोक विचारतील, टॅटू अर्धा काहून सोडला? नाव आमचं खराब होते, मॅडम." तरीही त्याने मान्य केले. आणि मग स्टेन्सिलचा कागद हातात घेऊन नेमका तो प्रश्न विचारला, जो मला इतके दिवस झोपू देत नव्हता. "तोंड कुणीकडे ठेवायचं? नियम असा आहे, हात खाली सोडला की समोरच्याले सरळ दिसलं पाहिजे. पण काही लोक स्वतःले दिसावं असं ठेवतात. तुमचं कोणासाठी आहे, जगासाठी का तुमच्यासाठी?"

"आईचे होते तसे."

"ते कसं होतं?"

मी चित्र उचलून उठले. बाहेर उन्हात स्कूटरची सीट इतकी तापली होती की बसवेना. मी तशीच उभी राहिले आणि स्वतःच्या कोऱ्या हाताकडे पाहत राहिले. एखादी ओळ अख्खी पाठ असावी आणि ती कुठून सुरू होते तेवढेच आठवू नये, तसे हे होते. लिहिताना मला शब्दांत असे अडायची सवय आहे. तिथे खोडता येते. कातडीवर खोडता येत नाही.

पुन्हा भिवापूर. या वेळी चित्र कागदावर न काढता पेनने हातावर काढून नेले: चौकोन मनगटाशी, लोंबी कोपराकडे चढणारी. मिरचीचे दिवस होते. मावशी शेजारणींसोबत लाल मिरच्यांच्या ढिगापाशी देठ तोडत बसली होती. मिरचीच्या झणझणीत खाटाने दारापासूनच घसा धरला. सगळ्या बायकांच्या नाकांवर पदर, सगळ्यांचे डोळे पाण्याने भरलेले. दुरून पाहणाऱ्याला तिथे कोणी गेले आहे असे वाटावे.

"मावशी, हात पाहा. असे होते का?"

"थांब वं, हात तिखटाचे हायत."

"हात लावू नकोस. नुसते पाहा."

तिने पदराच्या वरून माझ्या हातावर नजर टाकली. डोळ्यांतले पाणी गालावर आले. शिंकली. "असंच," म्हणाली. "असंच होतं."

"नक्की? चौकोन इकडे?"

"हो म्हटलं ना! मले काय दिसत नाई काय? अजून सुईत दोरा ओवते मी." शेजारीण म्हणाली, "परवा तं मलेच ओवाले लावला तुमी, मामी." सगळ्या हसल्या, खोकल्या. मावशीने तिच्या अंगावर एक मिरची भिरकावली.

मला ते हसणे ऐकायचे नव्हते. मला होकार हवा होता आणि तो मिळाला होता. इतके दिवस चिडून, फोटो उलटेपालटे करून, दारोदार चित्र फिरवून थकलेल्या माणसाला जेवढा होकार पुरतो, तेवढा तो होता.

स्टुडिओतल्या खुर्चीत हात पुढे केला. यंत्र सुरू झाले. वेदना अपेक्षेपेक्षा लहान आणि चिवट होती, एकाच जागी बडबडणाऱ्या माणसासारखी. त्या यंत्राला सारे ठाऊक होते: किती खोल जायचे, किती वेगाने, किती शाई. आईच्या हातावर सुया एकेक ठिपका थांबून गेल्या असतील. मधे आजोबा बोलले, बकरीने पिशवी ओढली, बाईने जुडी काजळीत बुडवली. माझ्या हातावर काहीच थांबले नाही. संपल्यावर तरुणाने स्पिरिटने हात पुसला आणि मोबाइलवर फोटो काढत म्हणाला, "युनिक झालं, मॅडम. असं कोणाकडेच नाही."

खपली धरली, खाज सुटली, खपली गेली. ठिपके सपाटच राहिले; यंत्राचे ठिपके वर येत नाहीत. तरी एके दिवशी संध्याकाळी मी माझ्या नकळत उजव्या हाताच्या बोटाने ती लोंबी गिरवत असल्याचे मला दिसले. वाटले, आले. उशिरा, यंत्रातून, पण आले.

पावसाळ्याआधी मावशीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नागपुरात करायचे ठरले आणि ती माझ्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे बघत बसली. "डबे इतके पिवळे हायत काय वं तुह्ये? मले तं पांढरे वाटत," म्हणाली. मग खिडकीतल्या झाडाची पाने, मग माझे केस. "तू पिकली की वं पुरी!" दिसेल त्या गोष्टीवर ती टिप्पणी करीत होती.

मी औषधाचे थेंब घालायला तिच्यासमोर वाकले तेव्हा तिने माझे मनगट धरले. काळा चष्मा कपाळावर सरकवला. हात उजेडाकडे वळवला. अंगठा चौकोनावरून फिरवला, मग लोंबीवरून कोपरापर्यंत नेला, आणि तिथून परत खाली आणला. आईच्या हातावरून तिने असाच कधी अंगठा फिरवला असेल. बाहेर भाजीवाल्याची हाक सरकत गेली. मला वाटले, ती रडेल; डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका असे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून मी घाईने रुमाल शोधू लागले.

"तसेच आहे ना, मावशी?" मी विचारले.

तिने माझा हात सावकाश माझ्या मांडीवर परत ठेवला, आणि म्हणाली,

"उलटं."